मुळाची माती

"हास ना बे, फोटो काढून राहिलो."

शिपाई असं म्हणाला आणि माझा बाप हसला.

डोक्यावर ओल्या झाडांचा भारा. मुळांचा चिखल कपाळावरून, नाकावरून बनियनवर गळत होता. दोन्ही हात भाऱ्याला लावलेले, म्हणून डोळ्यांत गेलेली माती पुसायचीही सोय नाही. गावच्या पारासमोर, भर दुपारी, सगळ्या गावादेखत उभा केलेला. आणि खाकीतल्या माणसानं हास म्हटलं म्हणून हा हसला. सालदार माणूस. जन्मभर कोणी बस म्हटलं की बसला, ऊठ म्हटलं की उठला. हास म्हटल्यावर हसला, त्यात नवल ते काय!

"दात दिसू दे," शिपाई म्हणाला. "पेपरात येशीन."

लोक खदखदून हसले. ज्यांच्या वावरात बाबानं अडल्यानडल्याला औत हाकलं, तेही हसले. आमच्या बौद्धवाड्यातली माणसं मागे उभी होती, माना खाली घालून. माय माझा दंड धरून होती. ती रडत नव्हती. नुसती म्हणत होती, "अवो, डोळ्यात माती गेली त्याईच्या. कोणी पुसा ना वो." कोणी पुसली नाही. मी पुढे गेले तर एका शिपाईबाईनं मला छातीवर हात लावून मागे लोटलं.

मी तेव्हा अमरावतीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दसऱ्याच्या सुट्टीत घरी आले होते. आमचं गाव अकोल्याहून बसनं तासाभरावर. गावाचं नाव सांगत नाही, माय अजून तिथंच राहते.

ती झाडं गांजाची होती. खोटं कशाला बोलू? गांजाचीच होती.

पण वावर मालकाचं होतं. विहीर मालकाची, मोटार मालकाची, बैलही मालकाचे. आणि ती झाडं मालकाच्या धाकट्या पोराची. आम्ही त्याला छोटे मालक म्हणायचो. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठा, तरी छोटे मालक. पावसाळा लागल्यावर तो एकदा वावरात आला, तुरीच्या तासात, म्हणजे ओळींत, मधेमधे कसलंसं बी टोचलं आणि बाबाला म्हणाला, "काका, निंदणात हे उपटू नका. माह्यं हाय."

झाडं गुडघ्याएवढी झाल्यावर बाबाला कळलं. आमच्याकडे हे झाड न ओळखणारा म्हातारा नाही. देवळामागे बसून चिलीम ओढणारे त्यानं लहानपणापासून पाहिलेले. तो स्वतः ओढत नव्हता. सुपारीचं खांडही त्याला चालत नसे. घरी येऊन मायला म्हणाला, "छोट्या मालकानं नसती भानगड लावून ठेवली."

माय म्हणाली, "मंग उपटून फेका ना."

"मालकाच्या वावरात मालकाच्या पोरानं लावलेलं मी काहून उपटू? मी कोण वो?"

बरोबरच होतं त्याचं. सालदार म्हणजे वर्षभरासाठी एका घरी बांधून घेतलेला गडी. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्यापर्यंत तो त्या घरचा. काय पेरायचं, काय उपटायचं हे त्याला कोणी विचारत नाही. तुरीला पाणी दिलं की त्या झाडांनाही मिळायचं. एवढाच त्याचा गुन्हा. गुन्हाच म्हणा, मी नाही म्हणत नाही.

त्या दिवशी मी बाबाची भाकर घेऊन वावरात गेले तेव्हा पोलिसांची गाडी धुऱ्याशी, वावराच्या बांधाला, उभी होती. कोणी खबर दिली देव जाणे. साहेब सावलीत उभा होता. मालकाला बोलावणं गेलं होतं. मालक मोटरसायकलवरून आले, झाडांकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं नाही.

"मले काय मालूम सायेब? वावर तं हाच पाह्यते."

साहेबानं मान हलवली. मालकाला खुर्ची नव्हती म्हणून एका शिपायानं गाडीतून पाण्याची बाटली काढून दिली. बाबा तिथंच हात बांधून उभा. मालकाच्या वाक्यावर त्यानं मान डोलावली. खरंच तर होतं. वावर तोच पाहत होता.

मग साहेब बाबाला म्हणाला, "चल, काढ सगळी. मुळासकट. एकही तुटलं तर याद राख."

आता पुढचं नीट ऐका. माझ्या बापाचा सगळा जन्म या एका गोष्टीत आहे.

बाबा वाकला, एक झाड हलवून पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, जमीन आवळली हाय. अशीच ओढली तं बुडातून तुटतीन. थोडं पाणी देऊ द्या."

साहेबानं घड्याळ पाहिलं. "दे. पण लवकर."

बाबानं मोटार चालू केली. पाइप ओढत आणला. एकेका झाडाच्या बुडाशी पाणी सोडलं, मुरू दिलं. मग कुदळीनं कडेची माती मोकळी केली, दोन्ही पाय रोवले आणि एकेक झाड असं अलगद उपसलं की बारीक तंतूमुळंसुद्धा शाबूत. प्रत्येक मुळाला काळ्या मातीचा हा एवढा गोळा. आमची माती तुम्हाला माहीत नसेल. ओली झाली की चप्पल धरून ठेवते, माणूस अनवाणी पुढे जातो. भुईमूग उपटल्यावर झटकतात तसं बाबा सवयीनं मूळ धुऱ्यावर आपटायला गेला, तर साहेब म्हणाला, "झटकू नको. आहे तसंच बांध."

बाबानं आहे तसंच बांधलं. पहिल्यांदा मी जवळ उभी आहे हे त्याच्या लक्षात आलं. मला म्हणाला, "पाह्यलं बाई? एकबी तुटू देलं नाही."

त्याच्या आवाजात, कसं सांगू, अभिमान होता. काम नीट केलं की मोठी माणसं खूश होतात आणि जा म्हणतात, हे त्याचं आयुष्यभराचं गणित. त्याला वाटलं, साहेब आता जा म्हणेल.

साहेब म्हणाला, "उचल डोक्यावर."

तिथून तो भारा गावात आणला. पारासमोर फोटो झाला. मग कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर सगळा भारा तसाच टाकला. मूळ, खोड, पानं, चिखल, सगळं. पंच म्हणून सही करायला मालकाच्याच ओळखीचे दोघे. काटा हलायचा थांबला तसा एकजण म्हणाला, "वीसच्या वर गेलं." साहेब नुसता हं म्हणाला. वीसच्या वर म्हणजे काय, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. चाळीस असते की दहा असते, आमच्या लेखी सारखंच.

दुसऱ्या दिवशी मालक आमच्या दारात आले. दारातच. इतकी वर्षं बाबानं त्यांच्याकडे काढली, मालकांनी आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, तेव्हाही ओलांडला नाही. मायला म्हणाले, "काळजी नको करू. मी हाय ना! वकील मी देतो. त्याले फक्त एवढं सांग, बाकी कोणाचं नाव घ्याचं नाही. वावर मीच पाह्यतो म्हणा. पोराचं लगन व्हाचं हाय माह्या."

मायनं हात जोडले. मी आतून ऐकत होते. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की झाडं कोणाची हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण मायनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गिळलं.

मालकाचा वकील आला. बाबाला जे सांगायचं ते सांगून गेला. बाबानं जे सांगितलं ते म्हटलं. जामीन फेटाळला गेला. मग तो वकील फोन उचलेना. काम झालं होतं त्याचं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, इथं तर चोरानंच संन्याशाला वकील दिला होता!

पुढे कोर्टातून मोफत मदतीच्या वकीलबाई मिळाल्या. वयानं माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी कागद वाचले आणि मला विचारलं, "झाडं वाळलेली होती की ओली?"

"ओली."

"मुळं होती?"

"होती. सगळी. बाबानं एकही तुटू दिलं नाही."

"माती?"

"होती. साहेबानं झटकू दिली नाही." त्यांनी कागदावरून मान वर केली. मग मला सावकाश समजावून सांगितलं. कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचा शेंडा, फुलोरा, बोंड. मूळ नाही. खोड नाही. नुसतं पानही नाही. माती तर नाहीच नाही. पण काट्यावर सगळं एकत्र टाकलं. वीस किलोच्या वर गेलं की माणूस मोठा व्यापारी ठरतो. मग निर्दोष असल्याचं जामिनाच्या वेळीच जवळजवळ पटवून द्यावं लागतं. दहा वर्षांच्या खाली शिक्षा नाही. न्यायाधीशालाही वाटलं तरी खाली येता येत नाही.

"नुसता फुलोरा मोजला असता तर?" मी विचारलं.

"तर तुझे वडील केव्हाच घरी आले असते, बहुतेक."

मी कोर्टाच्या पायऱ्यांवर येऊन बसले. वरून ऊन, समोर रिक्षांचे हॉर्न, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पाइप. बाबा एकेका बुडाशी पाणी सोडतोय. मुरू देतोय. घाई करत नाही. अरे देवा! ज्या माणसानं निष्काळजीपणे चार झाडं तोडली असती, ओढाताण करून मुळं जमिनीतच ठेवली असती, तो आज घरी असता. माझा बाप चांगलं काम करणारा निघाला, म्हणून आत गेला. त्या दिवशी मी पायऱ्यांवर ओक्साबोक्शी रडले. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

हे बाबाला मी सांगितलं नाही. कसं सांगू?

तुरुंगात भेट होते ती काचेतून. मधे काच, हातात फोन. पहिल्या भेटीत बाबानं विचारलं, "वेचाई झाली का?" मालकाच्या कापसाची! मी म्हटलं, "झाली." मग विचारलं, "बैलं कोण पाहून राहिलं?" मी म्हटलं, "ठेवला कोणीतरी." त्याचं तोंड उतरलं. नवा सालदार ठेवला, याचं त्याला तुरुंगापेक्षा जास्त लागलं.

एकदा त्यानं तळहात काचेला लावला. म्हणाला, "पाह्य. नरम पडले. घट्टे गेले सारे. असे हात घेऊन गेलो तं मालक कामावर घेईन का?"

मी त्या काचेवर माझा हात ठेवला.

माय मालकाच्या वावरात जायची, निंदायला, वेचायला. तिला बोलावणं बंद झालं. का, तर "लोक काय म्हणतीन." लोक! मायनं दुसऱ्या गावी मजुरीला जायला सुरुवात केली. तिथं पोचेपर्यंत तिची कथा आधीच पोचलेली असायची. गांजेवाल्याची बायको. शेजारी बसून बाया भाकर खायच्या त्या सरकून बसायला लागल्या. आमच्याच वाड्यातल्या एका बाईनं विहारात वंदनेच्या वेळी म्हटलं, "यायनंच आपल्या लोकायचं नाव खराब केलं." माय पंधरवडाभर विहारात गेली नाही. परक्यानं मारलेलं वळ उठवतं, आपल्याच माणसानं मारलेलं आत सुजतं.

तिसऱ्या वर्षाला माझी ड्यूटी मानसोपचाराच्या वॉर्डात लागली. व्यसनाचे रुग्ण तिथंच असायचे. दारूचे जास्त, पण गांजाचेही, गोळ्यांचेही. आम्हाला शिकवणारे डॉक्टर चांगले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथं आलेला माणूस आजारी आहे. गुन्हेगार नाही. हे ज्याला जमणार नाही त्यानं वॉर्डात येऊ नये."

मला ते पटलं. आजही पटतं. गांजा चांगला असं मी म्हणत नाही. मी त्यानं डोकं फिरलेली पोरं पाहिली आहेत. भिंतीशी बोलणारी. स्वतःच्या मायला न ओळखणारी. अंजनगावकडची एक बाई तिच्या पोराला घेऊन आली होती. फार उशिरा आणलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही आणलं? ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "पोलिसात देतीन म्हणून भेव वाटे." त्या भीतीपायी वर्ष गेलं. आणि तीच बाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सिस्टर, ज्यानं हे पिकवलं ना, त्याले सडवा जेलात. बाहीर काढूच नका."

मी तिच्या पोराची चादर बदलत होते. हात थांबले माझे. तिचं काय चुकलं होतं? तिचं पोरगं तिला मावशी म्हणत होतं. मी म्हटलं, "हो मावशी." दुसरं काय म्हणणार? तिला कुठं माहीत होतं की तिनं सडवायला सांगितलेला माणूस माझ्याच घरचा आहे.

आणि मग एके दिवशी चार नंबरच्या खाटेवर छोटे मालक.

मालकांनीच आणून टाकलं होतं. वाळून काटकी झाला होता. रात्ररात्र झोप नाही, घरात तोडफोड. मला पाहून त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी त्याचा ताप पाहिला, नाडी पाहिली, गोळ्या दिल्या. एकही गोळी चुकवली नाही. मालक भेटीला यायचे. वॉर्डात मला सिस्टर म्हणायचे. गावात ज्या पोरीला नावानंही हाक मारली नाही, तिला इथं सिस्टर! डॉक्टरांपुढं हात जोडून म्हणायचे, "पोरगं हाय सायेब, चुकलं. बेमार हाय. सांभाळून घ्या." डोळ्यांत पाणी असायचं. खोटं नव्हतं ते.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. कारण ते खरंच बोलत होते. पोरगं आजारी होतं आणि त्याला सांभाळूनच घ्यायला हवं होतं. फक्त हे 'सांभाळून घ्या' माझ्या बापासाठी कुठल्या खिडकीवर जाऊन म्हणायचं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी छोट्या मालकानं माझ्याकडे न बघता विचारलं, "काकाले कधी सोडतीन?"

मी म्हटलं, "तुमाले कधी सोडतीन?"

त्यानं चादर तोंडाशी ओढली. मग म्हणाला, "मंगळवारी."

मंगळवारी तो घरी गेला.

त्याच महिन्यात कॉलेजात कार्यक्रम झाला. नशामुक्तीचा. हॉल भरलेला. आम्ही सगळ्या पांढऱ्या गणवेशात, रांगेनं. व्याख्यानाला एक पोलीस अधिकारी. आमच्या केसमधला नव्हे, दुसरा. चांगला बोलत होता, मधेमधे विनोद करत होता. पडद्यावर चित्रं. सुया, पुड्या, खप्पड चेहरे. कायदा किती कडक आहे ते सांगितलं. "आता दयामाया नाही," असं म्हणाला आणि पुढचं चित्र लावलं.

पडद्यावर माझा बाप.

भिंतीएवढा मोठा. डोक्यावर भारा. तोंडावर चिखल. आणि दात दिसतायत.

"हे बघा," अधिकारी म्हणाला, "पकडला गेलाय, तरी हसतोय. निर्लज्जपणा बघा चेहऱ्यावरचा. असे लोक आपली पिढी संपवतायत."

हॉल हसला. माझ्या शेजारची मैत्रीण हसली. तिला माहीत नव्हतं, मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मागून एकजण म्हणाली, "ई, कसा घाण आहे!" घाण. आमच्या काळ्या मातीला ती घाण म्हणाली.

मग प्राचार्य मॅडम माइकवर आल्या. सगळ्यांनी उभं राहा, उजवा हात पुढे करा, शपथ घ्यायची आहे. सगळ्या उभ्या राहिल्या. हात पुढे झाले. चित्र तसंच होतं पडद्यावर, कोणाला काढायचं सुचलं नाही. माझ्या बापाच्या तोंडासमोर दीडशे-दोनशे हात.

मी हात पुढे केला नाही.

"ए, शेवटून तिसरी, हात," कोणीतरी म्हणालं.

मी कॉलेजात नीट बोलायचे. आला-गेला, मला-तुला. पहिल्या वर्षी मले म्हटलं की पोरी हसायच्या, म्हणून मोठ्या कष्टानं शिकले होते ते. त्या क्षणी सगळं गळून पडलं.

"तो माह्या बाप होय," मी म्हटलं.

आवाज बारीक निघाला. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "सायेब, तो माह्या बाप होय. तो हासला, कावून का तुमच्यातल्याच एकानं त्याले हास म्हणलं. मी तथीच होती. त्याच्या डोळ्यात माती गेली होती, ते कोणी पुसू देलं नाही. अजून त्याच्यावर गुन्हा साबीत नाही झाला. तुमी त्याचं तोंड आमाले कसं काय दाखवून राहिले?"

अधिकाऱ्याचं तोंड लाल झालं. मॅडम म्हणाल्या, "बस खाली."

"नाही बसत. पयले ते चित्र काढा."

"बस म्हणते ना!"

"नाही बसत मॅडम."

कोणीतरी प्रोजेक्टरची वायर ओढली. पडदा पांढरा झाला. मी तरीही बसले नाही. सगळे बाहेर जाईपर्यंत उभीच होते. बस म्हटल्यावर न बसणारी आमच्या घरात मी पहिलीच.

मॅडमनी ऑफिसात बोलावलं. रागावल्या नाहीत, उलट हळू बोलल्या. "तुझं शेवटचं वर्ष आहे. पाहुण्यांची माफी माग, विषय संपला. लग्न व्हायचंय, नोकरी लागायचीय. बापानं केलं ते तू का डोक्यावर घेतेस?" मी म्हटलं, "माफी नाही मागणार." त्यांनी मला महिनाभर होस्टेल सोडायला लावलं. मैत्रिणींपैकी एकीच्या बाहेरच्या खोलीवर राहिले. ती हॉलमध्ये हसली होती तीच. तिनं विचारलं नाही, नुसती गादी टाकून दिली.

ही बातमी बाबापर्यंत पोचली. कशी पोचते कोण जाणे, तुरुंगाला भिंती आहेत म्हणतात! पुढच्या भेटीला काचेपलीकडे त्याचा चेहरा पडलेला. फोन उचलून पहिलं वाक्य, "माह्यापायी शिक्षण घालवतं काय?"

"नाही घालवत."

"आन् आयकलं का तू कोर्टात बोलणार हाय. मालकाच्या पोराचं नाव घेणार हाय."

"घेणार हाय."

"नको घेऊ बाई. मीठ खाल्लं त्याईचं."

"मीठ त्याईचं असन बाबा. जवारी तं तुमी पिकवली."

तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला. फोन कानाला तसाच. मग अगदी हळू म्हणाला, "मी चांगलंच काम केलं व. कोणाचं वाईट नाही केलं. काहून झालं असं?"

तिथं मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. वेळ संपली, शिपायानं फोन ठेवायला लावला.

मायला गावातून निरोप येतायत. पोरीनं तोंड उघडलं तर गावात राहणं अवघड होईल. माय म्हणते, "होऊ दे. सुखाचं कधी होतं?" वकीलबाईंनी मला साफ सांगितलंय. साक्षीत उभी राहिलीस तर समोरचा वकील तुझी चिरफाड करेल. मुलगी आहे, खोटंच बोलणार, म्हणेल. पण मातीचं सांगणारं दुसरं कोणी नाही. पंच मालकाचे. पोलीस सांगणार नाहीत. तू पाहिलंस, तूच सांग.

आणि मी सांगताना बाबा तिथं असेल. आरोपीच्या जागी, हात बांधून. मला विचारतील, झाडांना पाणी कोणी दिलं? मी सांगणार, माझ्या बापानं. का दिलं? एकही मूळ तुटू नये म्हणून. माती झटकायला कोण गेलं, आणि नको कोण म्हणालं? तेही सांगणार. मग वजन कशानं वाढलं ते वकीलबाई सगळ्यांसमोर मांडतील. बाबा ऐकेल. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता, तिनंच त्याला आत घातलं, हे त्याला भर कोर्टात माझ्या तोंडून कळेल. तो माझ्याकडे कसा बघेल, याचा विचार आला की मला जेवण जात नाही.

कोणी म्हणतं, त्याला आधी सांगून ठेव. कोणी म्हणतं, ते पाण्याचं सांगूच नको, नुसतं पोराचं नाव घे. नाही. अर्धं सांगून चालणार नाही. ज्या कायद्यात माती आणि माणूस एकाच काट्यावर टाकतात, आजारी पोराला खाट मिळते ती बाप मोठा म्हणून, आणि गड्याला कोठडी मिळते ती काम चांगलं केलं म्हणून, त्या कायद्यासमोर मला पूर्ण बोलायचं आहे. देवळामागे अजून चिलीम पेटते. वॉर्डात अजून पोरं येतात, उशिरा येतात. एक माझा बाप आत टाकून कोणाचं काय भलं झालं, ते त्यांनी माझ्यासमोर सांगावं.

बाबाचं काळीज माझ्याच बोलण्यानं फाटणार आहे. फाटू दे. तारीख लागली की मी जाणार, उभी राहणार, आणि सांगणार. आमच्याच बोलीत. कोणी हास म्हटलं तरी हसणार नाही, आणि बस म्हटलं तरी बसणार नाही.